‘हो’ म्हणजे माणूस

गुरुजी,

तुम्ही खोटं बोलला नव्हता. हे आधी लिहून टाकते, कारण लांबण लावली की मी भाषण करायला लागते, आणि भाषणानंच घात केला होता. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत, सगळ्या गावासमोर, मी तुम्हाला खोटं पाडलं. एका शब्दावरून पाडलं. ‘हो’ या शब्दाचा एक अर्थ तुम्ही आम्हाला शिकवला होता. तो तुम्ही मनानं रचलाय असं मी ठासून सांगितलं आणि लोकांना ते पटलं. मागच्या मंगळवारी दुपारी, इथून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर, पार पूर्वेला चाईबासाच्या बाजूच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्या बाईनं तोच अर्थ मला हसत हसत सांगितला. परत येऊन चार दिवस झाले. बॅग अजून दारामागं तशीच पडली आहे. घरातले विचारतात, बरं नाही का? मला बरं आहे. धक्का बसला आहे, इतकंच. आणि हा धक्का सांगायचा तर तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

दुष्काळातली तुमची शाळा डोळ्यांसमोरून हलत नाही. तेरच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि निम्मा गाव तिथं होता. शाळेत पोरं येईनात, कारण पोरं आईबापांबरोबर कामावर. मग तुम्ही शाळाच कामावर आणलीत. रस्त्याच्या कडेला एक लिंबाचं झाड, सावली असून नसल्यासारखी, आणि त्याच्याखाली डांबराचं रिकामं पिंप. डांबर माखलेल्या पत्र्यावर खडू चांगला उमटतो हा शोध तुमचा. एका बाजूला हातोड्यांचा आवाज, एका बाजूला आम्ही वीस-पंचवीस पोरं, आणि मध्ये तुम्ही, धोतराचा सोगा खोचून उभे. मी चौथीत आहे. तुम्ही पिंपावर एकच अक्षर काढता, हो, आणि म्हणता, “वाचा.”

आम्ही ओरडतो, “हो!”

“म्हणजे काय?”

“हो म्हंजी व्हय!”

“बरोबर. घरी व्हय, शाळेत हो. आता गावाच्या बाहेर जाऊ. पेपरात रोज लढाईची बातमी येते तो व्हिएतनाम माहीत आहे ना? तिथं ‘हो’ म्हणजे खोकला.”

खडी फोडणारी एक म्हातारी धुळीनं दिवसभर खोकायची. तिनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, “अगं बया! मंग म्या सकाळधरनं त्येंचीच भाषा बोलायलेय की!” बायका हसून हसून वाकल्या. मुकादम ओरडला तरी थांबेनात. तुम्ही पुढं सांगितलंत की जपानात ‘हो’ म्हणजे धान्याचं कणीस. त्यावर दुसरी एक बाई म्हणाली, “गुरुजी, हितं रानात धाट उभं न्हाय, आन् तुमी जपानचं कणीस दावताव व्हय?” तुम्ही म्हणालात, “दाखवतोय बाई, खायला कुठं देतोय!” आणि मग आवाज जरा खाली आणून तुम्ही म्हणालात, “आपल्याच देशात, पार पूर्वेला, डोंगरात राहणारे लोक आहेत. त्यांच्या भाषेत ‘हो’ म्हणजे माणूस.”

यावर कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही वळलात, दहा पावलांवर माझा बा खडी फोडत बसला होता त्याच्याकडं बघून म्हणालात, “काय हो, तुमच्या पोरीला घरी पाटी आहे का?”

बानं मागं वळून बघितलं. गुरुजी नेमके कुणाशी बोलतात ते त्याला कळेना. मागं खडीचा ढीग होता, दुसरं कुणी नव्हतं. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या गावात ‘काय हो’ कुणी म्हणत नसे. बौद्ध झालो त्याला पंधराएक वर्षं होऊन गेली होती, पण गावाच्या तोंडातला ‘काय रे’ तसाच होता. साठीच्या माणसालाही ‘काय रे’, आणि म्हणणारं पोर दहा वर्षांचं. बाच्या हातातला हातोडा अधांतरी राहिलेला मला दिसतो. त्यानं नुसती मान हलवली, तीही होकाराची की नकाराची कळू नये अशी. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पाटी आणलीत. माय म्हणाली, “गुरुजीला ऊन लागलं आसंल.”

पोरं विचारायची, एवढासा शब्द, मग एवढे वेगळे अर्थ कसे? ह्या भाषा एकमेकींच्या कोण लागतात? तुम्ही सांगायचात, कोणी नाही. ना नातं, ना सोयरीक. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज मोजकेच, म्हणून तेच ते सगळीकडं निघतात; अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या घरचा. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपला अर्थ चपलेसारखा बाहेर काढून ठेवायचा. पुढं मी भाषाशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली. ह्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर तुम्ही दूध संस्थेचे सेक्रेटरी झालात. त्या वर्षांत गावोगाव संस्था निघत होत्या. ज्याच्याकडं पाच एकरही नाही त्याच्या दारातही कर्जानं घेतलेली जर्सी गाय दिसायला लागली होती. आमच्याही दारात एक आली. पण आमच्या संस्थेत दोन कॅन असत. एक गावाचा, एक वस्तीचा. वस्तीच्या कॅनच्या गळ्याशी तांबडा पट्टा. दोन्ही कॅन एकाच गाडीतून जायचे, चिलिंग सेंटरला एकाच टाकीत ओतले जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गावात असेपर्यंत दूध वेगळं. तुम्ही कामावर आलात त्या पहिल्याच सकाळी तांबड्या पट्ट्याचा कॅन उचललात, पालथा घातलात आणि त्याच्यावर बसून रजिस्टर उघडलंत. बा किटली घेऊन उभा. तुम्ही म्हणालात, “ओता हो, ह्याच कॅनमध्ये ओता. दुसऱ्यावर मी बसलोय.”

चेअरमन धावत आले. “गुरुजी, हे काय चाललंय? लोक दूध घालायचं बंद करतील.”

“कशानं?”

“कशानं म्हंजी? तुमाला ठावं न्हाय व्हय?”

“मला एवढंच ठावं आहे की टाकीत सगळं एक होतं. तुम्ही टाकीत उतरून वेगळं करणार असाल तर मी उठतो.”

लोकांनी चार दिवस दूध घातलं नाही. पाचव्या दिवशी घातलं, कारण दूध कुणासाठी थांबत नाही. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं गावाचं दूध एक होतं. ह्या जिल्ह्यात असं करणारी दुसरी संस्था असेल तर मला माहीत नाही. हे तुम्ही कुठल्या भाषणात सांगितलं नाहीत, ठराव केला नाहीत. नुसते बसलात.

तेव्हा मी उस्मानाबादला कॉलेजात होते. गावातली माणसं मला तोफ म्हणायची. वक्तृत्वाची ढाल आणली नाही असा महिना जात नव्हता. औरंगाबादच्या मोठ्या स्पर्धेत मी तुमचाच ‘हो’ घेऊन उभी राहिले. खोकला, कणीस, माणूस. शेवटचं वाक्य होतं, ज्या देशात होकार आणि माणूस यांना एकच आवाज आहे त्या देशाची मी लेक आहे. टाळ्या पडल्या. मग परीक्षकांपैकी एका प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि विचारलं, “माणूस हा अर्थ कुठल्या पुस्तकात सापडला?” मी म्हणाले, आमच्या गुरुजींनी सांगितला. “म्हणजे ऐकीव. भाषेचं नाव?” मला नाव माहीत नव्हतं. “बाई, भाषणात जे जोरात बोलतो ते आधी तपासावं,” ते म्हणाले, आणि सभागृह हसलं. मला उत्तेजनार्थही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या ग्रंथालयात मी सकाळपासून बंद होईपर्यंत बसले. कणीस सापडलं, खोकला सापडला, माणूस सापडला नाही.

मी थेट तुमच्याकडं आले. तुम्ही दुधाचं फॅट मोजायच्या नळ्या धूत होतात. मी विचारलं, हे तुम्ही कुठं वाचलंत? तुम्ही म्हणालात, वाचलं नाही. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून तुम्ही नात्यातल्या एका माणसाच्या ओळखीनं पूर्वेला लोखंडाच्या कारखान्यात गेलात, वर्षभर भट्टीवर राबलात. खोलीत जोडीला एक तिकडचा मजूर होता. “त्यानं मला विचारलं, तू कोण? मी जात सांगितली. मग मी त्याला विचारलं, तू कोण? तो म्हणाला, हो. मला वाटलं, ही त्याची जात. दोन महिन्यांनी कळलं, त्यांच्या बोलीत ‘हो’ म्हणजे माणूस. त्यांच्या भाषेचं नावही तेच.” हे सांगताना तुम्ही हसत होतात. मग म्हणालात, “फार लाज वाटली पोरी. त्यानं माणूस सांगितलं आणि मी काय सांगून बसलो होतो!”

मी एवढं ऐकलं आणि विचारलं, “पण पुरावा काय?” तुम्ही म्हणालात, “पुरावा म्हणजे तो माणूस. आता कुठं असेल कुणास ठाऊक.” त्या दिवशी मला तुमचा राग आला. एका मजुराच्या तोंडचं वाक्य म्हणजे ज्ञान नव्हे, असं मला वाटलं. मला! जिच्या आज्यापणज्यांचं एक वाक्य कुणी कुठल्या पुस्तकात लिहून ठेवलं नाही, तिला! घरी गेल्यावर मी घटना उघडली. तेव्हा आठव्या परिशिष्टात पंधरा भाषा होत्या. पंधराही वाचल्या. त्यांत ‘हो’ नव्हती. घटनेवर माझा जेवढा विश्वास तेवढा कशावरच नव्हता, आणि तिच्या यादीत नाही म्हणजे नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात आमच्या गाईचं फॅट पडलं. साडेतीन लागायचं ते दोन पॉइंट आठवर आलं, आणि पंधरा दिवस तिथंच. फॅटवरच दुधाचा भाव ठरायचा, म्हणून वस्तीत कुजबूज झाली. चेअरमन आपणहोऊन आमच्या दारात आले. जन्मात पहिल्यांदा आले. म्हणाले, “तोफंनं आता गावातबी आवाज काढाय पायजे. गुरुजी मनानं फॅट लावत्यात, आमचा संशय हाय. पर आमी बोललाव तर लोक म्हणत्याल, कॅनचा राग काढलालेत. तू बोल. तुज्यावर कोण डाग लावंल?” ते मला वापरत होते हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. माझ्याकडं अक्कल होती, पण तिच्या कितीतरी पुढं माझा आवाज धावत होता.

सभा मारुतीच्या पारासमोर, सकाळी दहाला. तुम्ही टेबलाशेजारी बसलेले. मी उठले तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, “आरं, ही पोर गुरुजीला इचारती व्हय?” तुम्हीच म्हणालात, “विचारू द्या. विचारायला मीच शिकवलंय.” मी तुमच्याकडं बोट करून बोलले. ते भाषण मला पाठ आहे, सगळं लिहीत नाही, लिहवत नाही. “दुष्काळात ह्यांनी आम्हाला सांगितलं, ‘हो’ म्हणजे माणूस. मी औरंगाबादेत शोधलं, घटनेत शोधलं. घटनेत पंधरा भाषा आहेत, त्यांत ही नाही. मग गुरुजींनी हा माणूस आणला कुठून?” लोक हसले. हसणं मिळालं की मला चव यायची. “जो शब्दाचा अर्थ मनानं सांगतो, तो दुधातली साय मनानं सांगणार नाही कशावरून?” ह्या वाक्याला पार दणाणला. गावाच्या टाळ्या आणि वस्तीच्या टाळ्या एका वेळी पडल्या, अशा आयुष्यात मला पहिल्यांदाच मिळाल्या.

चेअरमननी विचारलं, “गुरुजी, तुमचं म्हणणं?” तुम्ही उभे राहिलात. माझ्याकडं बघितलंत, मग समोर बसलेल्या बाकडं बघितलंत. बाची मान खाली होती. तुम्ही म्हणालात, “कणीस मला पुस्तकानं सांगितलं, खोकला पुस्तकानं सांगितला. माणूस मला माणसानं सांगितला. त्याचा कागद माझ्याकडं नाही.” फॅटबद्दल एक अक्षर नाही. खिशातून संस्थेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, “पोरगी बोलते छान.” सेक्रेटरी बदलण्याचा ठराव कुणीतरी वाचला. मंजूर, मंजूर. पोरांनी तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लावली, भर दुपारी, आणि त्या धुरातून तुम्ही घराकडं चालत गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबरोबर दूध घालायला गेले. जिंकलेल्या माणसाच्या चालीनं गेले. संस्थेत पालथा कॅन सुलटा केलेला होता. तांबडा पट्टा पुसून चकचकीत केलेला. नवा सेक्रेटरी म्हणाला, “वस्तीचं हिकडं.” बानं तिकडं ओतलं. परत येताना बा म्हणाला, “फॅट का पडलं त्ये आदुगर मला इचारायचंस. वासरू जगंना झालतं. शेवटच्या धारा म्या त्येला सोडत व्हतो. साय शेवटच्या धारंतच असती. गुरुजीला ठावं व्हतं. त्येच म्हणले, सोडा हो, फॅट कमी लागंल, लागू द्या.”

“मग काल तुमी का न्हाय बोललाव?”

“पोरगी बोलत व्हती. पोरीला गावाम्होरं कसं पाडू?” बा म्हणाला. जरा पुढं गेल्यावर म्हणाला, “आन् गुरुजीबी त्यापायीच गप बसलं. बोललं असतं तर म्या आन् तू दोगंबी पडलो असतो.”

गुरुजी, तो एक कॅन परत पालथा करायला मला दोन वर्षं लागली. सभा घेतल्या, तालुक्याला मोर्चा नेला, अर्ज केले, रस्त्यावर दूध ओतलं. शेवटी जिंकले. त्या लढ्यानंच मला नाव मिळालं. आजही सभेत माझी ओळख करून देताना तो लढा सांगतात, आणि मी मान खाली घालून नम्रपणे ऐकते. तो कॅन पुन्हा सुलटा कुणामुळं झाला होता हे कुणी सांगत नाही, कारण सांगणारं माझ्याशिवाय आता फारसं कुणी उरलेलं नाही.

पण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट धरून ठेवली होती. दुधाच्या बाबतीत मी चुकले, हे मी स्वतःशी कबूल केलं होतं. शब्दाच्या बाबतीत नाही. तो अर्थ तुम्ही रचलाच होता. चांगल्या हेतूनं, माझ्या बाला ‘काय हो’ म्हणता यावं म्हणून रचला असेल, पण रचला होता. म्हणजे त्या सभेत मी सगळंच काही खोटं बोलले नव्हते. एवढ्याशा फळकुटावर मी चाळीस वर्षं उभी होते. पुढं आदिवासींवरची पुस्तकं वाचताना ‘संथाल, मुंडा, हो’ अशी ओळ मला किती वेळा भेटली असेल! दर वेळी नजर तिथं अडखळायची आणि मी पान उलटायचे. हे जमातीचं नाव आहे, अर्थ कुठं दिलाय, असं म्हणायचे. शब्दकोश मागवणं अवघड नव्हतं. जगातल्या कुठल्या कुठल्या क्रांत्यांची पुस्तकं मी मागवली. हे एक मागवलं नाही.

तुम्ही मला एकदाच भेटलात, माकणीला लेकीकडं राहायला गेल्यावर, लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर. हातात औषधाची पिशवी. मी पाया पडायला वाकले तर तुम्ही खांदे धरलेत. “वाचतेस ना?” मी म्हणाले, वाचते. “विचारतेस ना?” विचारते. तुम्ही म्हणालात, “विचार. त्या दिवशी विचारलंस ते बरंच केलंस. पण तू उत्तराला थांबत नाहीस पोरी. तेवढं शीक.” गाडी लागली आणि तुम्ही चढलात. तुम्ही वारल्याचं मला कळलं तेव्हा मी एका मोठ्या सभेत होते. ‘लोकहो’ म्हणून सुरुवात केली आणि तासभर बोलले. माकणीला गेले नाही.

आणि आता मंगळवार. भाषांच्या हक्कांची परिषद होती, मला बोलायला बोलावलं होतं. दुपारी आम्हा पाहुण्यांना एका गावात नेलं. सालाची झाडं, सारवलेली अंगणं, पानांच्या द्रोणात जेवण. वाढणारी बाई सत्तरीची असेल. सोबतचा तरुण मास्तर तिचं बोलणं हिंदीत सांगत होता. ह्यांची भाषा घटनेच्या यादीत यावी म्हणून हे लोक कधीपासून झगडतात ते तो सांगत होता. ती यादी. माझी यादी. मी विचारलं, तुम्ही स्वतःला ‘हो’ का म्हणता? म्हातारीला प्रश्नच कळेना. मास्तरनं दोनदा सांगितला. मग ती एवढी हसली की तिच्या हातातला पळा हलला. मास्तर म्हणाला, “कहती हैं, हो माने आदमी. आदमी अपने को आदमी नहीं कहेगा तो क्या कहेगा?”

माझ्या हातून द्रोण कलंडला. कानात तुमचा आवाज ऐकू आला, नळ्या धुतानाचा. एका माणसाला खोटं पाडलं हे मला माहीत होतं. पण त्या पारासमोर मी एका अख्ख्या जमातीला नाही म्हणाले होते, त्यांच्या तोंडातला माणूस हा शब्दच नाही म्हणाले होते, आणि तेही कशाच्या जोरावर, तर ज्या कागदावर त्यांना अजून जागा मिळालेली नाही त्या कागदाच्या. आमच्याशी हजारो वर्षं जे केलं गेलं ते मी भर सकाळी, टाळ्या घेत, सात मिनिटांत केलं होतं. संध्याकाळी परिषदेत माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि मला बोलता आलं नाही. प्रकृती बरी नाही असं सांगून त्यांनी मला खाली बसवलं.

गावच्या शाळेतून काल फोन आला. नव्या मुख्याध्यापिका आहेत, पोरांसमोर या म्हणतात, जुन्या शिक्षकांबद्दल बोला म्हणतात. मी येते म्हणाले. मनात आहे की पारासमोरच उभं राहावं, सगळ्या गावाला बोलवावं आणि ती सभा पुन्हा पहिल्यापासून सांगावी. सांगेनही. पण माझ्या ‘सांगेन’वर तुम्ही लगेच विश्वास ठेवू नका, म्हणून मंगळवारचं राहिलेलं लिहिते आणि हे पत्र वहीतच ठेवते, पाठवायला तुमचा पत्ता नाही हे एक कारण, आणि कुणाच्या हाती पडू नये हे दुसरं.

म्हातारीनं माझा सांडलेला भात गोळा केला, नवा द्रोण दिला आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत काहीतरी विचारलं. मास्तर म्हणाला, “पूछती हैं, यह बात आपको पहले किसी ने बताई थी?” तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. हरायला काही नव्हतं, निवडणूक नव्हती, टाळ्या नव्हत्या. तुमचं नाव घ्यायला दोन शब्द पुरले असते.

मी म्हणाले, “नहीं. किसी ने नहीं.”